पावणेपाच वर्षांच्या सूचना, दोन दिवसांचा कायदा: पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींचं प्रकरण

२०२० च्या ऑगस्टमध्ये आयपीएलपुढे मोठाच पेच होता. गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर चिनी कंपन्यांविरुद्ध वातावरण तापलं होतं, मुख्य प्रायोजक विवो बाजूला झाली होती, करोनामुळे स्पर्धा अमिरातीत न्यावी लागली होती आणि पहिला चेंडू पडायला जेमतेम महिना उरला होता. तेव्हा पैसे लावून खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने एका हंगामासाठी २२२ कोटी रुपये मोजले आणि स्पर्धेच्या नावाआधी आपलं नाव लावून घेतलं.

त्या वर्षी प्रेक्षक कोणत्या अवस्थेत होता, हे आठवून पाहायला हवं. स्टेडियम रिकामी, लोक घरात. कुणाचा पगार निम्म्यावर आलेला, कुणाचा बंदच. शाळकरी पोरांच्या हातात ऑनलाइन वर्गासाठी आईबापाचा फोन. अशा घरांमध्ये १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर रोज संध्याकाळी, षटक संपलं रे संपलं की, संघ निवडा, पैसे लावा आणि कोट्यधीश व्हा, असा सांगावा येत राहिला. सांगणारे चेहरे देशाचे लाडके क्रिकेटपटू आणि कलाकार.

पुढची पाच वर्षं केंद्र सरकार या जाहिरातींना आवर घालू पाहत होतं. आधी जाहिरातीचा मजकूर बदलायला लावला, मग पत्रांमागून पत्रं काढली, मधेच कर वाढवला आणि शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत संसदेत कायदा करून हे खेळच बंद केले. मजकुराला ठिगळं लावून जे पावणेपाच वर्षांत साधलं नाही, ते जाहिरात करणाऱ्यावर आणि पैसे पोचवणाऱ्यावर थेट जबाबदारी टाकताच आठवड्याच्या आत झालं. मात्र ते झालं ज्यांचा पत्ता सरकारला ठाऊक होता त्यांच्याच बाबतीत. बाकीच्यांचं काय, हा या प्रकरणाचा अजून न मिटलेला भाग आहे.

जुगार नाही, कौशल्य

या जाहिराती मुळात कायदेशीर कशा ठरल्या, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे थेट जुन्या मुंबई राज्यात. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या वृत्तपत्रात बक्षिसांची शब्दकोडी छापून यायची. मुंबई राज्यात त्याचा खप भरपूर होता. लोक प्रवेश फी भरून कोडी पाठवायचे. राज्याने १९४८ चा लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धा नियंत्रणाचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून परराज्यात छापलेल्या वृत्तपत्रांनाही त्यात ओढलं, तसे कोडीवाले चमारबागवाला न्यायालयात गेले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

पण त्याच वर्षी, त्याच चमारबागवालांच्या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने एक रेघ ओढली: ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, ती जुगारात मोडत नाही. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबातल्या खटल्यात रमी या रेघेच्या अलीकडे आली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत आली, आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळही कौशल्याचाच मानला.

क्लबात चार जण समोरासमोर बसून रमी खेळतात, तेव्हा खेळ कधी थांबवायचा हे त्या चौघांच्या हातात असतं. फोनवरची रमी चोवीस तास चालू असते, समोर कोण आहे ते दिसत नाही, पैसे यूपीआयने क्षणात जातात आणि प्रत्येक डावातून कंपनीचा वाटा आधीच कापला जातो. कौशल्य आहे की नाही, या वादाला हानीशी फारसं देणंघेणं नाही. कौशल्याच्या खेळातही बहुतेक जण हरतातच, कारण जिंकणाऱ्याचे पैसे हरणाऱ्यांकडूनच येतात. तरीही सत्तर वर्षांपूर्वीच्या शब्दकोड्यांसाठी ओढलेल्या रेघेमुळे या खेळांच्या जाहिरातीला कायद्याने आडकाठी उरली नाही. राज्यघटनेत जुगार हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीला हात घालायचा तर जाहिरातीच्या बाजूनेच घालावा लागणार होता.

वीस टक्के जागेतला इशारा

नोव्हेंबर २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा जाहिराती करणाऱ्या क्रिकेटपटूंना आणि कलाकारांना नोटिसा काढल्या. लगोलग माहिती व प्रसारण मंत्रालय, जाहिरात मानक परिषद आणि कंपन्या यांची बैठक झाली. ४ डिसेंबरला मंत्रालयाने वाहिन्यांना पत्र पाठवलं आणि १५ डिसेंबर २०२० पासून परिषदेचे नियम लागू झाले.

नियम वाचायला बरे होते. अठरा वर्षांखालची व्यक्ती पैसे लावून खेळताना दाखवायची नाही. हे कमाईचं साधन किंवा नोकरीला पर्याय आहे असं सुचवायचं नाही. खेळणारा माणूस इतरांहून यशस्वी आहे असा आभास निर्माण करायचा नाही. छापील जाहिरातीत किमान २० टक्के जागा इशाऱ्याला: या खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याचं व्यसन लागू शकतं, जबाबदारीने आणि स्वतःच्या जोखमीवर खेळा. टीव्हीवर हाच इशारा दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, जाहिरातीच्याच भाषेत, जाहिरातीच्या शेवटी, नेहमीच्या बोलण्याच्या गतीने.

‘नेहमीच्या बोलण्याच्या गतीने’ हे नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. आता प्रत्यक्षात काय ऐकलं ते आठवा. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत ओळखीचा चेहरा, चाळीतला किंवा गावाकडचा कुणी साधा तरुण, फोनवर खणखणणारा आकडा, आईचा आनंदलेला चेहरा. हे सगळं ऐसपैस. आणि मग शेवटच्या तीन-चार सेकंदांत कुणीतरी मागे लागल्यासारखा एका श्वासात म्हटलेला इशारा. लहान मुलं त्याची नक्कल करून हसायची. ज्या वाक्याने सावध करायचं तेच जाहिरातीची ओळखीची धून होऊन बसलं.

जाहिरात मानक परिषद ही उद्योगाने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी १९८५ मध्ये उभी केलेली संस्था. ती जाहिरात बदला किंवा मागे घ्या असं सांगू शकते, दंड करू शकत नाही. हा अशक्तपणा होताच. पण माझ्या मते खरा दोष नियमांनी काय पाहिलं आणि काय पाहिलंच नाही यात होता. एका सामन्यात जाहिरात किती वेळा दाखवायची, याला मर्यादा नव्हती. किती वाजता दाखवायची, याला नव्हती. खाते उघडताच मिळणाऱ्या बोनसच्या आमिषाला नव्हती. जाहिरातीत मूल दाखवायचं नाही, असा नियम होता. जाहिरात मुलाला दाखवायची नाही, असा नव्हता. आणि सामना सुरू असताना टीव्हीसमोर मूल असतंच.

इशाऱ्याचा रोखही पाहा. जोखीम तुमची, जबाबदारी तुमची. जो माणूस तीन महिन्यांचा पगार घालवून बसलाय आणि तो परत मिळवायला चौथ्याचा आगाऊ मागतोय, त्याला ‘जबाबदारीने खेळा’ सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे नियम वाचून दाखवणं. ऑस्ट्रेलियाने हे ओळखलं. तिथल्या सरकारने मार्च २०२३ पासून ‘जबाबदारीने जुगार खेळा’ हे वाक्य काढून टाकलं आणि ठरवून दिलेल्या ओळी सक्तीच्या केल्या. त्यातली एक थेट आहे: तुम्ही हरण्याचीच शक्यता जास्त. त्याच वर्षी जूनमध्ये खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ३१ शिफारशी केल्या. ऑनलाइन जुगाराच्या सगळ्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा, ही त्यातली सर्वांत मोठी. समितीत सर्व पक्षांचे सदस्य होते आणि अहवाल एकमताचा होता. तरी क्रीडा संघटना आणि वाहिन्यांच्या दबावापुढे सरकार रेंगाळलं आणि २०२४ च्या अखेरीस त्याने हा विषय निवडणुकीपलीकडे ढकलला. मर्फी डिसेंबर २०२३ मध्ये कर्करोगाने गेल्या होत्या. जाहिरातीचा पैसा ज्यांच्या गल्ल्यात पडतो ते किती ताकदवान असतात, हे तिथेही दिसलं.

बातम्या नसलेल्या ‘न्यूज’

इकडे आपल्याकडे २०२१-२२ पासून दुसराच प्रकार फोफावला, आणि तो अधिक घातक होता. परदेशात नोंदलेल्या, भारतात सर्रास बेकायदा असलेल्या सट्ट्याच्या कंपन्या वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, चौकातल्या फलकांवर झळकू लागल्या. त्यांची युक्ती जुनी होती. दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून सोडा, गुटख्याची करता येत नाही म्हणून वेलची. तसं सट्ट्याची करता येत नाही म्हणून ‘न्यूज’.

असा एखादा फलक जवळून पाहा. सट्ट्याच्या साइटचं नाव प्रचंड मोठ्या अक्षरांत, रंग आणि बोधचिन्ह साइटचंच, कोपऱ्यात बारीक ‘न्यूज’. शेजारी बॅट खांद्यावर टाकलेला खेळाडू. बातमी कसलीच नाही. मराठी दैनिक कितीही लहान असो, शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादकांची नावं आणि छापखान्याचा पत्ता बारीक टायपात असतो. काही चुकलं तर कुणाला धरायचं ते त्यावरून कळतं. या ‘न्यूज’ना संपादक नव्हता, पत्ता नव्हता.

मंत्रालयानेच ३ ऑक्टोबर २०२२ च्या सूचनापत्रात हे नोंदवलं आहे. फेअरप्ले, पॅरीमॅच, बेटवे, वुल्फ ७७७, वनएक्सबेट अशी नावं घेऊन सांगितलं की यांच्या नावाने चालणाऱ्या बातम्यांच्या साइट भारतात कुठल्याही कायदेशीर यंत्रणेकडे नोंदलेल्या नाहीत, त्यांची बोधचिन्हं सट्ट्याच्या साइटशी हुबेहूब जुळतात, आणि ही आडून केलेली जाहिरातच आहे.

त्याआधी १३ जून २०२२ ला पहिलं पत्र निघालं होतं: सट्टा देशाच्या बहुतेक भागांत बेकायदा आहे, जाहिराती टाळा. मग ऑक्टोबर. मग ६ एप्रिल २०२३. मग विश्वचषकाच्या तोंडावर २५ ऑगस्ट २०२३. मग ६ मार्च २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं, आणि त्याच महिन्यात २१ तारखेला समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी मंत्रालयाचं आणखी एक. पहिलं पत्र पाळलं गेलं असतं तर सहावं काढावं लागलं नसतं. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर वर्षभर बंदी घालायची तरतूद आहे. हत्यार होतं, पत्रं मात्र ‘सल्ला’ या मथळ्याखालीच जात राहिली.

हा पैसा वर्तमानपत्रं आणि वाहिन्या घेत होत्या, हे बोलायलाच हवं. ज्यांनी सट्ट्याच्या जाळ्यावर बातमी करायची, त्यांच्याच पहिल्या पानावर त्याची जाहिरात. पत्रकारितेवर विश्वास ठेवणारा वाचक ही जाहिरात कायदेशीर आहे असंच समजणार. वर्तमानपत्रात आलंय म्हणजे खरं असेल, ही आपल्या घराघरांतली समजूत इथे विकली गेली.

महाराष्ट्रात

जनतेचा राग अधूनमधून उफाळत होता. ३१ ऑगस्ट २०२३ ला तत्कालीन आमदार बच्चू कडू कार्यकर्त्यांसह वांद्र्यात सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलनाला बसले. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमिंगची जाहिरात करू नये, एवढीच त्यांची मागणी. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. पद्धतीबद्दल मतभेद असू शकतील, पण एका आमदाराला दाद मागायला खेळाडूच्या दारात जावं लागलं, यावरून नियमाची दारं किती बंद होती ते कळतं. त्याच वर्षी एका पोलीस उपनिरीक्षकाला अशाच खेळात दीड कोटीचं बक्षीस लागलं आणि गणवेशात मुलाखती दिल्यावरून निलंबन झालं. बक्षिसाची बातमी राज्यभर गाजली. तिच्याखाली इशारा नव्हता, कारण बातमीला तो लागत नाही. ती फुकटची जाहिरातच ठरली.

आणि मग जुलै २०२५. विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत रोहित पवारांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, फोनवर आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा कोकाटेंनी केला. शेतकरी आत्महत्यांच्या राज्यात लोक संतापणं साहजिक होतं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं. खुलासा कुणी मानला, कुणी मानला नाही. पण रमीची जाहिरात न बोलावता कुणाच्याही फोनवर, अगदी सभागृहातही, उगवू शकते, ही गोष्ट मात्र कुणालाच अशक्य वाटली नाही.

ऑगस्ट २०२५

मधल्या काळात सरकारने आणखी दोन वाटा चाचपल्या. एप्रिल २०२३ च्या आयटी नियमांत कंपन्यांनीच स्वनियामक संस्था काढाव्यात असं ठरलं. त्या उभ्याच राहिल्या नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. करवाढीने जाहिराती कमी झाल्या नाहीत. उलट ज्या खेळातून सरकारला कर मिळतो त्याच्या हानीबद्दल सरकारच बोलणार, ही विसंगती वाढली. भारतीय संघाच्या जर्सीवर तर जुलै २०२३ पासून ३५८ कोटींच्या तीन वर्षांच्या कराराने ड्रीम इलेव्हनच होती.

२० ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. १९५७ ची रेघ एका वाक्यात पुसली. सरकारने सांगितलेलं कारण असं की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला अंदाजे २० हजार कोटी रुपये गमावतात.

जाहिरातीबद्दलचं कलम ६ नीट वाचण्यासारखं आहे. जाहिरात करणारा, करवून घेणारा, मदत करणारा, कोणत्याही माध्यमात, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष. सगळे त्यात येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षं आणि १ कोटी. पैसे पोचवणाऱ्या बँकेला किंवा पेमेंट कंपनीलाही तेवढंच. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला पीडित मानलं आहे. हा शेवटचा मुद्दा मला कायद्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पाच वर्षं इशाऱ्याची ओळ ज्याला जबाबदार धरत होती, त्याला कायद्याने मोकळं केलं आणि ओळ लिहिणाऱ्याला धरलं.

परिणाम लगेच दिसला. सही झाली त्याच दिवशी ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ थांबवले. काही दिवसांत क्रिकेट मंडळाशी करार संपला. मंडळाने नवा प्रायोजक शोधताना सट्टा, पैशांचे खेळ, क्रिप्टो, दारू, तंबाखूवाल्यांनी अर्जच करू नये अशी अट घातली. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून खेळला. स्पर्धा सुरू असतानाच अपोलो टायर्सशी ५७९ कोटींचा करार झाला. जुगाराचा पैसा गेला तर क्रिकेट उपाशी मरेल, असं सांगितलं जात होतं; टायरच्या कंपनीने आधीपेक्षा मोठा आकडा दिला.

किंमतही मोजावी लागली. उद्योगसंघटनांनी दोन लाख नोकऱ्या जातील असा इशारा दिला होता. आकडा त्यांचा आहे, पण एमपीएलसारख्या गेमिंग कंपन्यांनी निम्म्याहून जास्त माणसं कमी केली हे खरं. सल्लामसलत न करता दोन दिवसांत कायदा झाला, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी प्रकरणं स्वतःकडे घेतली. जाहिरातींवर वेळेवर, टप्प्याटप्प्याने बंधनं आली असती तर कदाचित एवढा मोठा घाव घालावा लागला नसता.

पत्ता नसलेले

कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद असा होता की आम्ही गेलो तर लोक बेकायदा साइटकडे जातील. तो पूर्ण खोटा नाही. बेकायदा साइट आधीपासूनच होत्या. २०२२ पासून जून २०२५ पर्यंत सरकारने अशा सुमारे दीड हजार साइट आणि अॅप अडवण्याचे आदेश काढले; एक अडवली की नावात एक आकडा बदलून दुसरी उघडते. फेअरप्लेवर आयपीएलचे सामने बेकायदा दाखवल्याची तक्रार प्रसारण हक्क असलेल्या कंपनीने केली, तेव्हा महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला. म्हणजे यंत्रणा हलू शकते. फरक इतकाच की तिथे फिर्यादी एक मोठी कंपनी होती. पगार घालवलेल्या मुलाची आई एवढ्या वजनाची फिर्यादी नसते.

कायद्याच्या कक्षेबाहेरही बरंच काही आहे. हा कायदा ऑनलाइनपुरता. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंना तो लागू नाही. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत जायला बंदी केली, पण कॅसिनोंचे फलक गोंयकारांच्याच रस्त्यांवर उभे आहेत. आणि व्यसन जडलेल्यांसाठी कायद्यात काय? जाहिरात बंद झाल्याने नवा माणूस अडकायचा वाचेल. अडकलेल्याला उपचार लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. पाच वर्षं प्रत्येक षटकामागे जाहिरात दाखवणाऱ्या वाहिन्यांनी निदान हा क्रमांक तितक्याच वेळा दाखवावा, अशी सक्ती मंत्रालयाला करता येईल.

‘अप्रत्यक्ष’ जाहिरात आता गुन्हा आहे, पण अप्रत्यक्ष कोण ठरवणार? टेलिग्रामवर ‘आजचा संघ’ सांगणारा, रीलमध्ये नव्या गाडीसोबत कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारा, फॅन क्लबच्या नावाखाली लिंक वाटणारा, हे सगळे त्यात बसतात. त्यांना शोधायला दिल्लीची गरज नाही. चौकातला फलक लागतो तो महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाच्या परवान्यानेच. फलकावर ज्याचं नाव झळकणार त्याचा नोंदणीकृत पत्ता, जीएसटी क्रमांक आणि व्यवसायाचा पुरावा परवान्याच्या अर्जासोबतच मागितला, आणि तो अर्ज नागरिकांना पालिकेच्या संकेतस्थळावर पाहता आला, तर ‘न्यूज’वाल्यांचा अर्धा धंदा परवान्याच्या खिडकीवरच अडेल.